बापूंना नाही कसं सांगू?

पत्र:

‘मी ६४ वर्षांचा आहे. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात, ३४ वर्षं काढली. आम्ही चौघं मित्र कंपनीच्या एकाच बसने जायचो. निवृत्तीनंतर दर रविवारी मिसळ खायला भेटतो. चौघांतल्या एकाची, त्याला बापू म्हणू, बायको मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून तो येतो, बसतो, बोलत काही नाही. परवा एकाएकी त्याने मोबाइल पुढे केला. बाणेरला नवशिक्यांसाठी मातीकामाचा वर्ग आहे, चाकावरचा नाही, नुसता हाताने भांडी करायचा. “जाऊ या का चौघं?” म्हणाला. आमचा दुसरा मित्र पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा होता, तो लगेच म्हणाला, “आता कुंभाराची गाढवं व्हायचंच बाकी होतं.” बापू गप्प झाला. चौथ्याचं नेहमीचं, “तुम्ही ठरवा.” खरं सांगायचं तर मलाही जायचं नाही. तिथे सगळी विशी-पंचविशीची मुलं असणार. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजलं, कलेतलं मला काही कळत नाही, आणि उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. बापूला न दुखवता नाही कसं सांगू? ता.क.: गंमत म्हणून विचारतो, गेलोच तर मोजायला व्हर्नियर नेऊ का?’

– एक टूलरूमवाला, सिंहगड रस्ता

उत्तर:

नमस्कार.

‘नाही कसं सांगू’ याचं उत्तर मी देणार नाही. ते तुम्हाला येतं. टूलरूममधल्या माणसाला नाही म्हणायला कुणी शिकवावं लागत नाही. प्रॉडक्शनवाले रोज सकाळी दारात उभे असतात आणि तो रोज नाही म्हणतो. माझे वडील खडकीला कारखान्यात होते, त्यामुळे हे मी लहानपणापासून ऐकत आले.

तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य माझ्या मनात अडकून बसलं: ‘जाऊ या का चौघं?’ वर्षभर गप्प असलेल्या माणसाने तोंड उघडलं ते काहीतरी मागायला, आणि मागितलं काय, तर तुमच्यासोबत दोन तास चिखलात बसायला. बापूंना एकट्याने जायचं असतं तर ते मोबाइलवर पैसे भरून कधीच गेले असते. त्यावर गाढवाचा विनोद झाला. विनोद वाईट नव्हता, वेळ वाईट होती. आता तुमचं ‘नाही’ कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी त्या विनोदाच्या पाठोपाठच जाऊन पोचणार. म्हणून जा. आणि एकदाच नाही, चार-पाच रविवार जा. ते का, हे पुढे सांगते. त्याचा संबंध बापूंपेक्षा मातीशी जास्त आहे.

आधी ‘कलेतलं काही कळत नाही’ याचा निकाल लावू. हाताने भांडी घडवायच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही तुमच्या स्वयंपाकघरात चालतात. गोळ्यात अंगठा खुपसायचा आणि गोळा फिरवत फिरवत कडा चिमटीने पातळ करायच्या, तो पिंच पॉट. ही मोदकाची पारी. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या, ती कॉइल. कडबोळ्यांना वळतात तशीच वळी, फक्त लांब. आणि माती लाटून, कापून, जोडायची तो स्लॅब. लाटायला लाटणंच असतं, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवतात म्हणजे पोळी सगळीकडे एकसारखी येते. जोडायचं असेल तिथे दोन्ही कडांवर सुईने उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या, पातळ चिखल लावायचा, त्याला स्लिप म्हणतात, आणि दाबून बसवायचं. करंजी मिटताना कडेला दुधाचं बोट फिरवतात ना, तेच. नीट न मिटलेली करंजी कढईत उघडते, तेही तसंच. फक्त इथली कढई हजार अंशांची.

तुम्ही स्वतः मोदक केले नसतील असं मी धरून चालले आहे. चुकत असेन तर क्षमस्व. पण घरी विचारा, पारी पातळ करताना नजर कुठे असते. नजर नसतेच, बोटांनाच जाडी कळते. तुम्हीही डोळे मिटून कागद आणि कार्ड यांतला फरक बोटांनी सांगू शकता, टूलरूममध्ये फीलर गेज, त्या फट मोजायच्या पातळ पत्त्या, कितीदा हाताळलं असेल. मग कला कशाला हवी?

चाकाचा वर्ग असता तर मी इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. फिरत्या चाकावर माती मध्यावर आणणं हेच जमायला नवशिक्याला कितीतरी तास लागतात, आणि तोवर गोळा अंगावर येतो. तुम्हाला लेथवरचं सेंटरिंग माहीत आहे, पण इथे काम पकडून ठेवणारा चक म्हणजे तुमचेच दोन तळहात. हाताने घडवताना वेग आपला. त्यात ‘चाक नाही म्हणजे बालवाडी’ असंही कुणी समजायला नको. आपला माठ बघा. चाकावर त्याचा गळा होतो आणि खाली जाड भिंतीचं धूड निघतं. ते गोल पोट नंतर येतं, आतून दगडी गुंडा धरून आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत थापटत. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यांवर मारून बघितलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ते हेच थापटणं.

आणखी मागे जायचं तर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत कुंभाराची भट्टी सापडली, आणि एका घरात झाकण असलेला मातीचा लंबगोल डबाही. डब्यात बाईची छोटी मूर्ती, वर एक बिनडोक्याची मूर्ती आणि एक बैल. ज्याने किंवा जिने तो डबा केला, त्याने झाकण मोजून नव्हे, ठेवून बघितलं असणार. बसलं नाही तर थोडं दाबलं असणार.

तुमचं टूलरूमचं डोकं या वर्गात निम्मं कामाला येईल आणि निम्मं आड येईल. कामाला असं येईल की भिंतीची जाडी सगळीकडे सारखी का हवी हे शिकवणाऱ्या मुलीला तुम्हाला समजावावं लागणार नाही. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव कामात, जाड भाग पातळ भागाला जिथे मिळतो तिथे तडा जातो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. मातीतही पातळ कड आधी वाळते, आकसते, आणि जाड बूड मागे राहतं. दोघांच्या ओढाताणीत चीर पडते. नवशिक्यासाठी ६ ते ८ मिलिमीटर भिंत ठीक. भट्टीचं गणितही तुम्हाला आवडेल. पोलादाचा ७२७ अंशांचा टप्पा तुम्हाला पाठ असेल. मातीतल्या क्वार्ट्‌झचा, म्हणजे आपल्या गारगोटीचा, असाच टप्पा ५७३ अंशांना असतो. तिथे त्याची रचना बदलते आणि आकारमान एकदम हलतं. म्हणून भट्टी त्या भागातून चढताना आणि उतरताना सावकाश न्यावी लागते. घाईने दार उघडलं की भांडं टणकन उलतं.

आड येईल ते असं. तुम्हाला कड सरळ हवी असणार. पहिल्याच रविवारी तुम्ही ओलं बोट त्या कडेवरून फिरवत बसाल. प्रत्येक वेळी मातीत थोडं पाणी जातं, आणि दहाव्या फेरीला कड मऊ होऊन खाली बसते. मग तुम्ही ती उचलून धराल, मग ती फाटेल, मग तुम्ही म्हणाल मला कलेतलं कळत नाही. ओल्या मातीत अचूकपणा नसतोच, तो दुसऱ्या रविवारी येतो. मधल्या दिवसांत भांडं प्लास्टिकखाली अर्धवट सुकतं आणि फ्रिजमधल्या चीजसारखं घट्ट होतं. वर्गात त्याला लेदर हार्ड म्हणतात, आपण चामट म्हणू. या अवस्थेत माती वाकत नाही पण तासता येते. पत्र्याच्या पट्टीने कड तासा, बूड तासा, ज्या दोन ठिकाणी जाडी जास्त वाटते तिथे खरवडा. तो दिवस तुमचा. पहिल्या दिवशी चौघांत तुमचं भांडं सगळ्यांत वाईट असेल, हे मी लिहून देते.

यासाठीच म्हणते, दोन तासांच्या एका वर्गाला जाऊ नका. तसे वर्ग पुण्यात आता भरपूर झालेत. एप्रन घाला, वाडगा करा, फोटो काढा, घरी जा, महिन्याने भांडं घेऊन जा. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला मातीची फक्त मऊ अवस्था भेटते. तासणं, जोडणं, सुकवणं, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप लावणं हे सगळं मागे कुणीतरी उरकतं, आणि हाताने घडवण्यातलं जे काही बिघडतं ते बहुतेक त्या मधल्या दिवसांतच बिघडतं.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण अशाच एका वर्गाला जात होतो. एप्रिल महिना. मी पानाच्या आकाराचं एक ताट केलं आणि लवकर वाळावं म्हणून घरी आणून गॅलरीत ठेवलं. पुण्यातला एप्रिल तुम्हाला सांगायला नको, टॉवेल तासाभरात कडक होतो. संध्याकाळी ताटाचे दोन भाग झाले होते, आणि दोन्ही भाग वर वळलेले. ताट ओलं असताना मी ते फळीवरून उचलताना वाकवलं होतं आणि परत सपाट केलं होतं. माती तो वाक विसरत नाही, वाळताना परत तिकडेच जाते. पोळी लाटली की ती बोटांनी उचलू नये, दोन फळ्यांमध्ये धरून पालथी करावी, हे मला नंतर कळलं.

मैत्रिणीने हत्ती केला होता. भरीव. पाय, पोट, सगळं भरीव, जवळपास दोन इंच जाड. शिकवणाऱ्यांनी तो आतून पोखरायला सांगितलं होतं, पण तिला वाटलं सोंड तुटेल, म्हणून तिने तसाच ठेवला. वरून कोरडा खडखडीत दिसत होता, म्हणून गर्दीत तोही भट्टीत गेला. फुटला, आणि जाताना शेजारच्या माझ्या वाडग्याची कड घेऊन गेला. असं झालं की लोक म्हणतात आत हवेचा बुडबुडा राहिला. हवेने फारसं काही होत नाही, हत्ती फोडतं ते पाणी. जाड मातीच्या पोटात ओल राहते, शंभर अंशांच्या पुढे तिची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते, आणि बाहेर पडायला वाट नसते. आम्ही तीन आठवडे एकमेकींशी बोललो नाही. एका वाडग्यावरून! तो वाडगा मी अजून वापरते, घराच्या किल्ल्या ठेवायला. तुम्हा चौघांत कोण हत्ती करणार हे तुम्हाला आताच माहीत असेल.

सध्या पावसाळा आहे, तर तुमची अडचण उलटी. भांडी वाळता वाळणार नाहीत. शिकवणाऱ्यांनी ‘अजून आठवडाभर थांबा’ म्हटलं तर भांडू नका. गालाला लावून भांडं गार लागलं तर आत ओल आहे, ही जुनी परीक्षा. कपाला कान लावायचा असेल तर कान आणि कप दोन्ही सारखेच चामट हवेत. वाळक्या कपाला ओला कान लावला की तो आकसताना सुटतो. आणि वाळलेला कच्चा कप कधीही कानाला धरून उचलायचा नाही, एरवी कितीही सवय असली तरी.

आता तुमचे पॅटर्नमेकर. त्यांना समजावायला जाऊ नका, आग्रह करू नका, बापूंची आठवण तर मुळीच करून देऊ नका. फक्त मिसळ खाताना सहज विचारा: बिडाच्या कास्टिंगला किती श्रिंकेज, म्हणजे आकसणं, धरायचास? ते सांगतील, मीटरला दहा मिलिमीटरच्या आसपास, शेकडा एक. मग सांगा की स्टुडिओतली माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत शेकडा दहा-बारा आकसते. दहा सेंटिमीटर उंच केलेला चहाचा कप जेमतेम नऊचा होऊन बाहेर येतो, म्हणजे घरचा कप करायला बसलेला माणूस टपरीवरचा कटिंग घेऊन घरी येतो. डब्याला झाकण करायचं तर दोन्ही एकाच मातीचे, एकाच दिवशी, एकाच जाडीचे करून एकत्र वाळवावे लागतात, नाहीतर बसत नाहीत. एवढं ऐकून ज्या माणसाने हयातभर लाकडात श्रिंकेज धरलं, तो गप्प बसू शकणार नाही. टिशू पेपर मागवून आकडेमोड करेल. दुसऱ्या रविवारी एप्रन घालून तुमच्या आधी हजर असेल आणि सगळ्यांना शिकवेल. तो त्रास सहन करा. चौथे ‘तुम्ही ठरवा’वाले आपोआप येतील.

विशी-पंचविशीच्या मुलांचं म्हणाल तर ती तुमच्याकडे दोन मिनिटं बघतील आणि मग स्वतःचा कोसळणारा वाडगा सावरण्यात गुंततील. एखादी मुलगी ‘काका, हे कसं केलं?’ असं विचारेल, बहुधा तासायच्या दिवशी.

पैसे भरायच्या आधी फोन करून काही गोष्टी विचारून घ्या. भाजणी एकदा होणार की दोनदा, आणि ती फीमध्ये धरली आहे का. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंशांची असते. तिच्यातून निघालेलं भांडं पक्कं असतं पण पाणी पितं. मग ग्लेझ लावून दुसरी भाजणी, स्टोनवेअर माती असेल तर १२०० अंशांच्या वर. त्यात चहा प्यायचा असेल तर ग्लेझ खाण्यापिण्याला चालणारं आहे ना, हे स्पष्ट विचारा. गणपतीची उरलेली शाडू माती पिशवीत घालून घेऊन जाऊ नका. ती या कामाची नाही, आणि तिच्यात प्लास्टरचा एखादा कण असेल तर भाजल्यानंतरही भांड्याचा कपचा उडतो. वाळकी माती कोरडी घासायची नाही, फुंकायची नाही, झाडायची नाही. त्या धुळीत सिलिका असते, आणि कारखान्यात काम केलेल्या छात्यांनी ती आधीच पुरेशी खाल्लेली असते. ओल्या स्पंजने पुसायचं. हात आणि हत्यारं बादलीत धुवायची, बेसिनमध्ये नाही, नाहीतर प्लंबरला बोलवावं लागतं.

अंगठ्याचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. पिंच पॉटमध्ये सगळा जोर अंगठ्यावर येतो. पहिल्या दिवशी वर्गात बहुधा तोच करायला सांगतील. तुम्ही छोटासा करा आणि स्लॅबकडे वळा. लाटताना जोर खांद्यातून येतो. सांधा सुजत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग जा.

राहिले बापू. त्यांना फोन करून ‘मी येतो, कधी आहे?’ एवढंच म्हणा. ‘तुझ्यासाठी येतो’ म्हणू नका, ‘तुला बरं वाटेल’ म्हणू नका. वर्गात त्यांच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलं की माणूस तोंडाकडे बघतो, आणि बापूंच्या तोंडाकडे वर्षभर सगळे बघतच आहेत. शेजारी बसलं की दोघं आपापल्या गोळ्याकडे बघतात. हात चिखलात असल्यामुळे मोबाइलही उचलता येत नाही. ते बोलतील किंवा बोलणार नाहीत. बोलले तर तुम्ही वळी वळत राहा, मान वर करू नका. नाही बोलले तर त्यांना विचारा की तुमच्या भांड्याला चीर का पडली. खरंच विचारा, कारण पडलेली असेल.

जमलं तर आधी एखाद्या सकाळी दोघांनीच कसबा पेठेत कुंभारवाड्यात चक्कर मारा. काही शिकायला म्हणून नव्हे, पणत्या किंवा एखादं बोळकं घ्यायला. बोटाच्या पेराने भांडी वाजवून बघा. पक्कं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी माठ घेताना हल्ली कुणी वाजवत नाही, रंग बघून घेतात.

प्रत्येकाने आपल्या भांड्याच्या बुडाला चामट असतानाच सुईने खूण करून ठेवा. ग्लेझ बुडाला लावायचं नसतं, ते भट्टीच्या फळीला चिकटतं, त्यामुळे खूण शेवटपर्यंत दिसते. वाळल्यावर चार नवशिक्यांचे चार वाडगे हुबेहूब सारखे दिसतात आणि सगळ्यांत बऱ्यावर चौघंही हक्क सांगतात.

आणि व्हर्नियर न्या, गंमत कसली? आकसणं मोजायला तो लागेलच. ओल्या मातीच्या एका पट्टीवर बरोबर १०० मिलिमीटरवर दोन रेघा मारा, आणि वाळल्यावर, पहिल्या भाजणीनंतर, दुसऱ्या भाजणीनंतर असं तीनदा मोजा. कुंभारकाम करणारे खरोखरच अशा पट्ट्या करतात. फक्त वापरून झाला की जबडे लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. माती ओली असते, आणि गंज कसा धरतो हे मी तुम्हाला सांगायला नको.